एटीएमला जाऊन आलो, फोटो एकही नाही

सॅन इग्नासिओला पोचलो त्या संध्याकाळी नवऱ्याने हॉटेलच्या काउंटरवर विचारलं, इथे एटीएम कुठंय? तर तिथली बाई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, पैशाचं की सांगाड्यांचं? आम्हाला दोन्ही हवी होती. मध्य अमेरिकेतल्या या बेलीझ देशात एटीएम म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर आधी गुहा येते, अक्तून तुनिचिल मुकनाल, तिकडच्या प्राचीन माया लोकांच्या भाषेतलं नाव, अर्थ साधारण दगडी थडग्याची गुहा. हे तोंडात बसायला आम्हाला दोन दिवस लागले, म्हणून सगळं जग एटीएमच म्हणतं, आम्हीही म्हणतो.

तर हा त्या ट्रिपचा रिव्ह्यू, आणि आधीच सांगते की खाली फोटो शोधू नका, नाहीयेत. आत कॅमेरा, मोबाईल, गोप्रो काही म्हणजे काही न्यायला बंदी आहे, 2012 पासून. त्या वर्षी एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटून हजार-बाराशे वर्षं तशीच पडून असलेल्या एका कवटीवर पडला आणि तिला भोक पडलं. बस, तेव्हापासून सगळ्यांचे कॅमेरे बाहेर. मला आधी जाम राग आलेला, म्हणजे एवढा खर्च करून जायचं आणि दाखवायला काहीच नाही? आता वाटतं बरंच झालं. का ते पुढे येईलच.

आधी कंपनीचं बोलून घेते, म्हणजे ते एकदाचं डोक्यातून जाईल. या गुहेत आपलं आपण जाता येत नाही, बेलीझच्या पुरातत्त्व खात्याचं लायसन्स असलेला गाइड लागतोच, आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त आठ माणसं. त्यामुळे सॅन इग्नासिओच्या मेन रस्त्यावर दर चौथ्या दुकानात एटीएमची ट्रिप विकायला असते. आम्ही येण्याआधीच व्हॉट्सअॅपवर एकीकडे बुक केलं होतं, नाव लिहीत नाही कारण माणसं वाईट नव्हती, नुसती गबाळी होती. त्यांनी निरोपात लिहिलं माणशी 130 डॉलर. आता बेलीझचा स्वतःचा डॉलर आहे, दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा भाव ठरलेला आहे आणि दुकानात दोन्ही नोटा चालतात. माझ्या धाकट्या भावाने गृहीत धरलं की बेलीझ डॉलरच असणार, म्हणजे 65 झाले, आणि तो दोन दिवस कसलं स्वस्तात पटवलं म्हणून मिरवत होता. सकाळी पैसे द्यायच्या वेळी कळलं, अमेरिकन. चार माणसांचा हिशोब तुम्हीच करा. रक्कम तशी वाजवीच होती म्हणा, गाडी, प्रवेश फी, हेल्मेट, लाइफ जॅकेट, जेवण सगळं त्यात होतं, पण कुठला डॉलर हे लिहायला काय जात होतं? तुम्ही कुठूनही बुक करा, कुठला डॉलर हे आधी विचारा, आणि प्रवेश फी धरून आहे का तेही.

शिवाय साडेसातला न्यायला येतो म्हणाले आणि आले सव्वाआठला. शिवाय मोजे आम्ही देऊ म्हणाले होते आणि गाडीत बसल्यावर ड्रायव्हर विचारतोय, मोजे आणलेत ना सगळ्यांनी? मोजे ही या ट्रिपमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, हसू नका, मोज्यांशिवाय मुख्य दालनात सोडतच नाहीत. वाटेत एका किराणा दुकानासमोर गाडी थांबवून चार जोड घेतले, माझ्या वाट्याला शाळेचे पांढरे आले, ते आता कायमचे चहाच्या रंगाचे झालेत.

पण गाइड! आमचा गाइड हा सोन्यासारखा माणूस होता. आई माया, वडील स्पॅनिश बोलणारे मेस्तिसो, म्हणजे स्पॅनिश आणि स्थानिक अशा मिश्र वंशाचे, असं त्यानेच सांगितलं, वय पन्नाशीच्या आसपास, बोलायला अगदी मऊ आणि हात धरला की लोखंड. इंग्रजी उत्तम, तिथे इंग्रजीच सरकारी भाषा आहे, 1981 पर्यंत ब्रिटिशांकडेच होता तो देश. आमच्या गटात आम्ही चौघं आणि एक डच जोडपं, म्हणजे सहाच, आठ नव्हते, हे नशीब.

सॅन इग्नासिओहून हायवेने पूर्वेकडे टीकेटल नावाच्या गावापर्यंत यायचं (नाव खरंच टीकेटल आहे) आणि तिथून आत वळायचं की डांबर संपतं. मग संत्र्यांच्या बागा, धूळ, खड्डे, परत संत्री. साधारण तासाभराने पार्किंग येतं, तिथे कपडे बदलायला खोल्या, संडास, जेवायला शेड. इथे सगळं सोडायचं, फोन, घड्याळ, पाकीट, सगळं. मंगळसूत्र मी हॉटेलच्या तिजोरीतच ठेवून आले होते आणि ते शहाणपणाचं ठरलं, गळ्यात काही अडकवून जायची जागा नाही ती, का ते सांगतेच.

पार्किंगपासून गुहेच्या तोंडापर्यंत पाऊण तासाची चाल आहे जंगलातून, तशी सपाट, पण एकच नदी तीनदा ओलांडावी लागते, रोअरिंग क्रीक. पहिल्यांदाच छातीपर्यंत पाणी, आडवी दोरी बांधलेली, ती धरून जायचं. म्हणजे सकाळी पावणेदहाला तुम्ही बुटांसकट गच्च ओले, आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही हे तेव्हाच मान्य करून टाकायचं. सँडल-चपला चालत नाहीत, पुढून बंद असलेले बूटच लागतात, जुने घाला, नंतर टाकूनच द्यायचे आहेत.

चालताना गाइडची जंगलाची शाळा चालू होती. एक लालसर साल सोललेलं झाड दाखवलं, गंबो लिंबो, गावकरी त्याला टूरिस्ट ट्री म्हणतात कारण उन्हात भाजून लाल झालेल्या आणि कातडी सुटलेल्या गोऱ्या पर्यटकासारखं दिसतं. डच जोडपं मनापासून हसलं, कारण त्यांची नाकं तशीच झाली होती. मग पानं डोक्यावर घेऊन निघालेल्या मुंग्यांची रांग, मग एका झाडावरचं वाळवीचं वारूळ, त्यात बोट घालून त्याने दोन-तीन वाळव्या उचलल्या आणि खाल्ल्या. म्हणाला, गाजरासारख्या लागतात, कोण खाणार? माझी पंधरा वर्षांची लेक, जी घरी भेंडीच्या भाजीतला कढीपत्ता बाजूला काढते, तिने खाल्ली. खरंच गाजर, म्हणाली. भाऊ शाकाहारी असल्याची सबब सांगून सुटला, मी भावाच्या मागे लपले.

आता गुहा. जंगल एकदम उघडतं आणि समोर वाळूच्या घड्याळाच्या आकाराचं तोंड, मधे कमरेत अरुंद, वर-खाली रुंद, आणि त्यातून हिरवट निळं पाणी बाहेर येतंय, वरून वेली लोंबतायत. कॅलेंडरवरचं चित्र. आणि त्या चित्रात शिरायचं तर पोहून, कारण तोंडाशीच खोल आहे, पाय पोचत नाहीत. पंधरा-वीस फूटच, पण मला पोहता येतं म्हणजे तरण तलावाच्या काठाला हात लावून येतं. लाइफ जॅकेट होतं, तरी पाण्यात उतरायच्या दगडावर मी चांगली पाच मिनिटं उभी. पाणी गार. बर्फासारखं नाही, पण श्वास अडकेल इतकं गार. भाऊ पुढे जाऊन तिकडच्या दगडावर उभा राहून ओरडतोय, ताई, खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ! गाइड काही ओरडला नाही, नुसता पाण्यात उतरला, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाला, माझ्या खांद्यावरचा पट्टा धरा आणि पाय हलवत राहा, बाकी माझं काम. दहा-बारा वेळा पाय हलवले असतील. पोचले पण. त्या क्षणी त्याला मी मनातल्या मनात पूर्ण मार्क देऊन टाकले.

आतल्या प्रवासाला लोक केव्हिंग म्हणतात तेव्हा मला वाटायचं हेल्मेट घालून फिरणं. तसं नाहीये, सगळं अंग लागतं. गुहा पाचेक किलोमीटर लांब आहे, पर्यटकांना जेमतेम एक किलोमीटर नेतात, पण ते पाण्यातून, प्रवाहाच्या उलट, कधी घोटा, कधी कंबर, कधी हनुवटी, आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. गाइड पुढून सांगतो, डावीकडे दगड, गुडघ्याइतका, आणि मग आपण मागच्याला तेच सांगायचं, अशी माणसांची साखळी. सुरुवातीला आम्ही खानदानी गोंधळ घातला, डावीकडे दगड हे चौथ्या माणसापर्यंत उजवीकडे भगदाड होऊन पोचलं. नंतर जमलं. पोटऱ्या, कोपर, बूड, जे मिळेल ते टेकवत जायचं, मात्र छतावरून लोंबणाऱ्या आणि खालून वर आलेल्या चुनखडीच्या खांबांना हात लावायचा नाही, हाताच्या तेलाने त्यांची वाढ थांबते. कुठे धरायचं आणि कुठे नाही हे तो प्रत्येक वळणावर बोट दाखवून सांगायचा, एकदाही कंटाळला नाही.

ती मंगळसूत्राची जागा इथे येते. दोन कातळांच्या मधे एवढीशी फट, पाणी गळ्यापर्यंत, आणि एका बाजूने कातळाची धार बरोबर मानेच्या उंचीवर पुढे आलेली. मान एका विशिष्ट कोनात तिरकी करून, आधी डोकं, मग खांदा, असं सरकायचं. हेल्मेट खर्रकन घासतं. मला बंद जागेची भीती नाही असं मी चाळीसहून जास्त वर्षं समजत होते. त्या फटीत अर्ध्यावर असताना कळलं की थोडीशी आहे. पण गंमत म्हणजे भीती वाटायलाही वेळ नसतो, मान काढली की पुढचा दगड, पुढचा दगड झाला की पुढचं पाणी. नवरा सहा फूट उंच आणि खांदे रुंद, त्याला जास्त त्रास झाला, बाहेर आल्यावर म्हणाला, तुमचं बरंय, आमच्या मापाचे देव नव्हते मायांचे.

एके ठिकाणी गाइडने सगळ्यांचे दिवे बंद करायला लावले आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पाच-पंचवीस पावलं तसंच चालवलं. डोळे उघडे की मिटलेले ते कळत नाही. पाण्याचा आवाज तेवढा, आणि माझ्या खांद्यावर लेकीचा हात, तो हात लहान असताना रस्ता ओलांडताना धरायचा तसा घट्ट. दिवे लावल्यावर तिने लगेच काढून घेतला म्हणा.

दिव्यांवरून आठवलं, कंपनीने दिलेल्या हेल्मेटांपैकी नवऱ्याचा दिवा अर्ध्या वाटेत पिवळा होत होत मेणबत्ती झाला. गाइडच्या पिशवीत जादाचा होता, त्याने बदलून दिला, पण हे पार्किंगमध्येच तपासायला नको का? तुम्ही जाल तेव्हा दिवा हातात घेऊन नीट बघा, हेल्मेटचा पट्टाही बघा. आणि चष्मा असेल तर मागून दोरी बांधा, आमच्या डच माणसाचा चष्मा एकदा पाण्यात गेला आणि तो सापडला हा निव्वळ चमत्कार.

जीवजंतूंबद्दल विचाराल तर वटवाघळं आहेत, पाण्यात छोटे मासे आणि खेकडे आहेत, आणि भिंतीवर एक लांब पायांचा कोळ्यासारखा प्राणी, व्हिप स्पायडर, दिसायला अघोरी पण चावत-बिवत नाही. मी दिवा दुसरीकडे वळवला आणि पुढे चालले.

तासाभराने पाणी सोडून वर चढायचं. एक मोठा निसरडा कातळ, गाइड पाय कुठे ठेवायचा ते हाताने पाऊल धरून सांगतो, अक्षरशः. वर एक कट्टा, तिथे बूट काढायचे आणि मोजे घालायचे. अनवाणी का नाही, तर पायाच्या तेलाने आणि घामाने खाली पडलेली मायांची जुनी भांडी खराब होतात. बूट का नाही, तर बुटातून काही कळत नाही, मोज्यातून पायाखाली काय आहे ते कळतं आणि माणूस आपोआप हळू चालतो. मला हे इतकं आवडलं! दगडाधोंड्यांतून तासभर धसमुसळेपणा करून आलेली आम्ही माणसं एकदम देवघरात शिरल्यासारखी चवड्यांवर चालायला लागलो. कोणी गप्प बसा म्हणालं नव्हतं, तरी सगळे कुजबुजत होते.

आणि मग भांडी दिसायला लागतात. एक, मग तीन, मग जिकडे दिवा फिरवाल तिकडे. मोठाले रांजण, मडकी, वाडगे, बहुतेक फुटलेले, काही अख्खे, चुनखडीच्या क्षारांनी जमिनीला कायमचे चिकटलेले. संग्रहालयातली काच नाही, पाटी नाही, फक्त जमिनीवर रंगीत पट्टी लावलेली, तिच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. जमिनीवर पाणी साचून साचून क्षारांचे छोटे बांध तयार झालेत, त्या बांधांवरून एकामागे एक चालायचं. बरीच भांडी मुद्दाम फोडलेली किंवा भोक पाडलेली आहेत, भांड्यात जीव असतो आणि अर्पण करताना तो मोकळा करायचा, अशी त्यांची समजूत. एका मडक्याच्या काठाशी माकडाची छोटीशी आकृती आहे, ती बघायला गाइडने आम्हाला एकेकाला वाकवून दिवा धरून दाखवली. ते माकड लक्षात ठेवा, शेवटी त्याच्यावरून भांडण आहे.

हे सगळं साधारण इ.स. 700 ते 900 या काळातलं. मायांच्या समजुतीप्रमाणे गुहा म्हणजे शिबाल्बाचं दार, म्हणजे पाताळ, भीतीची जागा, आणि पावसाचा देव, चाक नावाचा, तोही गुहांमध्ये राहतो. गाइडने हे सगळं भाषण न ठोकता सांगितलं, तिथेच बसवून, दिवा खाली करून. म्हणाला, बाहेर पाऊस नाही, मक्याची शेती जळतेय, राजाचं लोक ऐकत नाहीत, मग माणूस काय करतो? अजून आत जातो, अजून मोठं काहीतरी देतो. त्या काळात तिकडे मोठे दुष्काळ पडले होते आणि त्याच सुमारास माया शहरं ओस पडत गेली, हे संशोधकांनीही मांडलंय. आधी भांडी, धान्य, मग स्वतःचं रक्त. वाटेत वरच्या कट्ट्यावर पाटीच्या दगडाचे दोन उभे फलक रोवलेत, एक रक्त काढायच्या काट्यासारखा कोरलेला आणि एक धारदार पात्यासारखा, असं तो म्हणाला. आणि मग माणसं.

किमान 14 जणांचे अवशेष आहेत त्या गुहेत. काही तर तीन वर्षांच्या आतली लेकरं. एक कवटी पट्टीच्या अगदी जवळ आहे, कपाळ मागे चपटं केलेलं, लहानपणी फळ्या बांधून तसं करायचे, सुंदर दिसावं म्हणून. ती कॅमेऱ्याने भोक पडलेली कवटीही बघितली, आणि इतका वेळ मनात असलेला मोबाईलचा राग तिथे संपला. खरं सांगते, मला तिथे थोडा वेळ बसवत नव्हतं. कोणाची तरी तान्ही पोरं होती ती लेकरं आणि आम्ही 130 डॉलर देऊन बघतोय. माझ्या भावाला हे पटत नाही, तो म्हणतो देवळातल्या मूर्तीही कोणाच्या तरी श्रद्धेच्या आहेत आणि आपण बघतोच. मूर्ती आणि मूल एक नाही असं मी म्हटलं, त्यावर तो गप्प बसला, पण पटलं नसावं. मी गाइडला विचारलंच, तुला काय वाटतं? तर म्हणाला, मी दर वेळी आत शिरताना मनात परवानगी मागतो, आणि जो गट दंगा करतो त्याला लवकर बाहेर काढतो. मला ते उत्तर पुरलं की नाही माहीत नाही, पण त्याने प्रश्न झटकला नाही हे आवडलं.

सगळ्यात शेवटी एक अल्युमिनियमची शिडी, उभी, दोरीने बांधलेली. त्यावरून वर एका लहान दालनात जायचं, तिथे एकच सांगाडा, जवळजवळ पूर्ण, पाठीवर पडलेला, हातपाय पसरलेले. हाडांवर क्षार बसून ती स्फटिकासारखी चमकतात म्हणून त्याला क्रिस्टल मेडन म्हणतात, स्फटिक कुमारी. गंमत अशी की कुमारी नाहीच, तो किशोरवयातला मुलगा असावा असं नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. दिवा हलवला की हाडांवर कण कण चमकतात. माझ्या लेकीपेक्षा थोडा मोठा असेल नसेल. ती शिडीच्या टोकाशी उभी राहून बराच वेळ बघत होती, काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

परतीचा रस्ता तोच, पण प्रवाहाच्या दिशेने, त्यामुळे निम्म्या वेळात. उतारावर गुडघे बोलायला लागतात हे मात्र खरं. तोंडाशी हिरवा उजेड दिसायला लागला तेव्हा हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. शेवटचं पोहणं मी पट्टा न धरता केलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

आत आम्ही साडेतीन तासांच्या आसपास होतो. बाहेर आल्यावर जी भूक लागते ती वर्णन करण्यापलीकडची, आणि इथे कंपनीने परत माती खाल्ली. भावासाठी शाकाहारी डबा तीनदा लिहून सांगितला होता. डबे उघडले, सहाच्या सहा स्ट्यू चिकन. बाजूला नारळाच्या दुधातला राइस अँड बीन्स, तो तरी खाता येईल म्हटलं तर गाइडने प्रामाणिकपणे सांगितलं की तिकडे बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस घालून शिजवतात, या डब्यात काय आहे त्याची खात्री नाही. बिचाऱ्या भावाने तळलेली केळी, सगळ्यांच्या वाट्याची, आणि गाइडच्या स्वतःच्या डब्यातली संत्री खाऊन दिवस काढला. शाकाहारी असाल तर सरळ स्वतःचं खाणं बरोबर घ्या, सकाळी सॅन इग्नासिओत फ्राय जॅक मिळतात, मैद्याचे तळलेले फुगे, आत बीन्स नको म्हणा आणि अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर चीज. चिकन छान होतं हे भावासमोर बोलता आलं नाही, इथे बोलते. आणि तिकडचा मेरी शार्प्स नावाचा हाबानेरो मिरचीचा सॉस दिसला की घ्या, त्याच्याशिवाय बेलीझमधलं जेवण आपल्या जिभेला आळणीच.

संध्याकाळी कंपनीच्या ऑफिसात जाऊन डब्याचं आणि दिव्याचं सांगितलं. काउंटरवरचा पोरगा सॉरी म्हणाला, एका रम पंचवर दुसरा फ्री देऊ म्हणाला. भाऊ पितही नाही. तर गुहेला दहापैकी दहा, गाइडला अकरा, कंपनीला साडेपाच, आणि त्यातला अर्धा गाडीच्या ड्रायव्हरमुळे, तो मोज्यांसाठी थांबला म्हणून. गाइडला टिप मी पाकीट गाडीतून काढून आणून तिथल्या तिथे दिली, ऑफिसमार्फत नाही.

आता जायचं की नाही हे विचाराल तर, गुडघा किंवा पाठ दुखरी असेल, बंद जागेत खरंच घाबरायला होत असेल, किंवा बरोबर फार लहान मूल असेल तर नको. त्यात लाज नाही. त्याच भागात बार्टन क्रीकची गुहा आहे, तिच्यात होडीत बसून वल्हवत आत जातात, तिथेही मायांचे अवशेष आहेत आणि अंग फारसं भिजत नाही. टायरच्या ट्यूबवर बसून गुहेतून तरंगत जायची केव्ह ट्यूबिंगची ट्रिपही असते, क्रूझवाल्यांची गर्दी तिकडे, मजा आहे पण ती पिकनिक. पोहणं माझ्यासारखं बेताचं असलं तरी एटीएम करता येते, मी केली, फक्त गाइडला पहिल्याच मिनिटाला सांगा, लाजून गप्प बसू नका. पावसाळ्यात, म्हणजे जून ते नोव्हेंबर, पाणी वाढलं की गुहा बंद ठेवतात, तेव्हा गेलात तर हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा आणि पाणी जास्त आहे म्हणून गाइड नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका. आम्ही मार्चमध्ये गेलो, पाणी बेताचं होतं. आणि बुकिंग करताना कंपनीचं नाव बघण्यापेक्षा गाइड कोण आणि गटात माणसं किती हे विचारा. पहिली दोन-चार दुकानं सांगणार नाहीत, पुढचं सांगेल.

हॉटेलवर परत आल्यावर लेकीने वही काढली आणि ते माकडाचं मडकं आठवून काढायला बसली. फोटो नाही तर नाही, म्हणाली. आणि तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. ती म्हणते माकड उकिडवं बसलंय आणि बाहेर बघतंय. भाऊ म्हणतो ते काठावरून मडक्यात डोकावतंय. नवऱ्याला माकडच दिसलं नाही, त्याला ते बेडूक वाटलं. मला तर स्पष्ट आठवतंय की त्याचे हात पोटावर होते. वहीत आता चार माकडं आहेत, एकाशेजारी एक, प्रत्येकाखाली नाव लिहिलेलं. कोणी जाणार असाल तर नीट बघून या आणि सांगा, पण बेडूक नाहीये एवढं नक्की.